‘मॅडम, एकच खेळ ठरवा ना’

धुळ्याला आमच्या शाळेत मुलींचा संघ म्हणजे तीच ती बारा-पंधरा तोंडं. पावसाळा सरला की खो-खो, थंडीत कबड्डी, आणि ॲथलेटिक्सच्या स्पर्धा आल्या की जिचा हात बरा चालतो तिच्या हाती सर भाला द्यायचे. मला तिन्हींत उतरवलं. आवड वगैरे नंतरची गोष्ट, आधी संघ भरायचा होता.

आता जळगावात मुलींना शिकवताना ती खिचडी कामी येते. खो-खोतून आलेली पोर कबड्डीत पहिल्याच दिवशी ओळखू येते. कमरेत वाकलेली, पाय हलके, हुलकावणी द्यायला तयार. पण तिची एक खोड मोडावी लागते. आजवर ती हात लागू नये म्हणून पळालेली असते, चढाईत हात लावायलाच जायचं असतं, तेही ३० सेकंदांत. त्यामुळे ती बोनस रेषेपर्यंत झकास जाते आणि कुणालाही न शिवता परत येते. मग मी कोपऱ्यात एकीला पाऊल पुढे टाकून उभी करते. तिच्या गुडघ्याला शिवल्याशिवाय परतायचं नाही! कबड्डीतली पोर उलट पाठलागात गडबडते. एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही, हे तिला तोंडपाठ असतं, तरी खांदा वळतोच आणि फाऊल होतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि आमच्याकडे पालकांची चौकशी वाढली. चौकशीचा सूर मात्र एकच, ‘मॅडम, नोकरी कशात लागते? एकच खेळ ठरवा ना.’ सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, दहावीला वाढीव गुण, सगळं त्यांना पाठ. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या बापाने हिशेब करायचाच, त्यात वावगं काही नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीचा खेळ मी ठरवत नाही. सोळाव्या वर्षी या म्हणते. काही जण तेवढ्यावर पोरीला घेऊनच जातात.

मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, म्हणून उजाडताच फक्की मारून मैदान आखतो. तेव्हापासून एक माय कुंपणाशी उभी असते. ‘पय व माय, पय!’ म्हणजे पळ गं, पळ. खो-खोतही तेच, कबड्डीतही तेच. पोरगी पकडीत उताणी पडली तरी मायचं ‘पय’ चालूच.