खोकडाची वाटणी

गोष्टीतला कोल्हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. खोकडाला मात्र कुणी विचारत नाही. कोल्ह्याहून लहान, २-३ किलोंचं, करडं अंग आणि शेपटीचं टोक काळं. आमच्या बेळगाव भागात उघड्या माळावर बीळ करून राहतं. लांडगा नि गावची कुत्री त्याच्या वरचढ. उंदीर, टोळ, वाळवी, सरडे हे त्याचं खाणं. बोरंही खातं.

गेल्या वर्षी उन्हाळी शेंगांत उंदीर फार झाले. वेलच्या वेल उपटून बघावा तर खाली नुसती टरफलं! आमच्या ह्यांनी औषधाच्या वड्या आणल्या. मी बस्तीतून नुकतीच आलेली, हातात अक्षता. पिशवी बघितली आणि सरळ सैपाकघरात गेले. पाणी गाळून पिणारी बाई मी; पण शेंगा घरच्या होत्या ना! वड्या मी ठेवल्या नाहीत, बघितल्याही नाहीत, अशी मनाची समजूत घातली.

त्या औषधानं रक्त गोठायचं थांबतं. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. असली आयती शिकार खोकड कशाला सोडेल? एकदा दोनदा नाही, रोज खाणार. मग उंदराच्या पोटातलं त्याच्या पोटात.

आठवड्याभरानं बांधाला खोकड मरून पडलं. नाकाशी रक्त वाळलेलं. भांगलायला आलेली बाई म्हणाली, "काकी, मादी हाय. माळावर पिल्लं असणार बघा."

खोकडात नरही पिल्लं राखतो म्हणतात. तेवढ्यावर मी रात्र काढली. सकाळी ह्यांना म्हटलं, "उंदीर मारायला देवानं ठेवलेला गडीच आपण मारला." म्हटलं खरं, पण 'देवानं ठेवलेला' हे काही आपल्या धर्मातलं बोलणं नव्हे. आणि गडी म्हणून तरी का? ते उंदीर खातं ते स्वतःच्या पोटासाठी. आमच्या शेंगा राखायला नाही. पंचेंद्रिय जीव उंदीरही आहेच. त्याच्यासाठी मी कुठं रात्र जागले?

यंदा वड्या आणू दिल्या नाहीत. दीड पोतं शेंगा कमी भरल्या. हे काही बोलले नाहीत, पोती मात्र दोनदा मोजली.

परवा बांधावर लीद दिसली. काडीनं उकरून बघितली, तर बोराच्या बिया. सुनेला हाक मारून दाखवली. ती नाक मुरडून म्हणाली, "आई, आधी हात धुवा."