हाताची परीक्षा

दरवर्षी दहावीचा निकाल लागला, की आमच्या परिचयाच्या घरांतून एकच प्रश्न निरनिराळ्या स्वरांत ऐकू येऊ लागतो : मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘आय.टी.आय.’मध्ये, घालावे की काय? विचारणारे बहुधा उत्तर ठरवूनच आलेले असतात. गुण भरपूर पडले असतील, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. कमी पडले असतील, तर ‘दुसरे करणार काय?’ असा सुस्कारा त्यास जोडलेला असतो. गुणपत्रिकेवरून मुलाची स्मरणशक्ती कदाचित कळेल. परंतु त्याचा हात कसा आहे, हे तीवरून कसे कळावे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

याचे मूळ जुने आहे. ज्या समाजाने लोहारासुतारांच्या हातच्या वस्तू शतकानुशतके घरात वापरल्या, पण त्या हातांस आपल्या पंक्तीस बसविले नाही, त्या समाजात लेखणी वरची आणि कानस खालची ही समजूत सहजी जाणे कठीण. सरकारने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. परंतु समजुती काही कायद्याने बदलत नाहीत.

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्याच भाच्याच्या रूपाने आमच्यापुढे आला. गुण बेताचे, घरातील बिघडलेला पंखा मात्र त्याने दोनदा दुरुस्त केलेला. “फिटर होऊन जन्म काढणार का?” असा त्याच्या वडिलांचा सवाल. आमच्या बहिणीच्या डोळ्यांस पाणी. मुलगा मात्र मुकाट. आम्ही एवढेच सुचविले, की अर्ज भरण्यापूर्वी त्यास एकदा प्रत्यक्ष कार्यशाळा दाखवावी.

फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, आणि त्याच्या आरंभीचे बरेचसे दिवस लोखंडाचा तुकडा शेगड्यात धरून कानशीने घासण्यात जातात. तेथील निदेशकांनी मुलाच्या हाती एक तुकडा दिला. तासाभराने त्यांनी त्यावर गुण्या ठेवून तो उजेडासमोर धरला. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून प्रकाशाची बारीक रेघ दिसत होती. म्हणजे पृष्ठभाग सपाट झाला नव्हता. मुलाच्या तळहातास फोड आले होते. तो काही न बोलता पुन्हा शेगड्यापाशी गेला. त्याच वेळी आमच्या मनाचा निर्णय झाला. त्याच्या वडिलांचा व्हावयास आणखी आठ दिवस लागले.

तथापि ज्यास पुस्तक नको, त्यास हे शिक्षण सोपे जाईल, हा समज खोटा आहे. येथेही गणित आहे, यंत्रांच्या आकृत्या वाचणे आहे. शिवाय दिवसभर उभे राहणे आहे. उलट, हे शिक्षण म्हणजे पुढची वाट बंद, हाही समज तितकाच खोटा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेशाची सोय आहे. मात्र प्रमाणपत्र हाती येताच कायमची नोकरी मिळते, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. पुष्कळ कारखान्यांत आज कंत्राटी भरतीच चालते. म्हणून संस्था निवडताना यंत्रे चालू आहेत की नुसती झाकून ठेवलेली आहेत, शिकविणाऱ्यांच्या जागा भरलेल्या आहेत की नाहीत, आणि मागील तुकडीची मुले आज कोठे आहेत, या तीन गोष्टी पालकांनी स्वतः जाऊन पाहाव्यात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. रंगांची पारख डोळ्यांस नीट होत नाही असे आढळल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, आणि १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या हातची रेषा चांगलीच होती. फक्त तिला योग्य जागा सापडावयाची होती. प्रत्येक मुलगा किर्लोस्कर होत नाही, हे खरे. परंतु जागा शोधण्याचा हक्क प्रत्येकास आहे.

तेव्हा आमचे मत असे, की हे शिक्षण कमी गुणांची शिक्षा म्हणून देऊ नये, व आळसावरचे औषध म्हणूनही देऊ नये. आपली चूक गुण्याने दाखविली असता ज्यास राग न येता पुन्हा कानस उचलावीशी वाटते, त्यास ते मानवते. मग त्याचे गुण पंचेचाळीस असोत की पंच्याऐंशी. ज्यास तसे वाटत नाही, त्यास बळेच तेथे धाडणे हा त्याच्यावरही अन्याय, आणि त्या लोखंडावरही.