गाडीच्या सीटमधले जाणते कापड

सीटवर कुणी बसले आहे का, चालकाचे हात स्टिअरिंगवर आहेत का, हे ओळखण्याचे काम कापडाकडूनही करून घेता येते. त्यासाठी चांदीचा मुलामा दिलेले नायलॉनचे सूत किंवा स्टेनलेस स्टीलचा तंतू कापडात विणतात, नाहीतर वरून भरतात. दाब पडला की विद्युतरोध बदलतो, किंवा शरीर जवळ आल्यावर विद्युतधारिता. नवे कापड हे सहज करते. वर्षानुवर्षे ते तसेच वागेल असे बनवणे, हे खरे कसब.

चांदीचा थर अतिशय पातळ असतो. गाडीत चढता-उतरता माणूस सीटच्या कडेवरून घसरतो. तिथे सूत दुमडते, घासते आणि मुलाम्याला बारीक तडे जातात. घामातले क्षार आणि रबरातले गंधक चांदी काळवंडवतात. स्टील त्या मानाने टिकते, पण त्याचा रोध जास्त आणि सूत ताठ. झीज तपासण्याच्या मार्टिनडेल यंत्रावर कापड सपाट ताणून घासतात. ती चाचणी आवश्यकच, मात्र गाडीत घासणे, दुमडणे, घाम आणि ऊन एकत्र येतात. म्हणून घासून झालेला तोच तुकडा उणे 40 ते 85 अंश सेल्सिअसच्या फेऱ्यांत आणि दमट हवेत ठेवून पुन्हा मोजावा. प्रत्येक चाचणीला कोरे कापड घेतले तर निकाल फसवा येतो.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे सूत आणि तांब्याची वायर यांचा सांधा. साध्या डाखकामाच्या उष्णतेत नायलॉन वितळू शकते, म्हणून बहुधा धातूची पकड दाबून बसवतात. पकडीखालचे नायलॉन दाबाने हळूहळू चेपते, पकड सैलावते, रोध वाढतो. पकडीच्या कडेला तर मऊ सूत एकदम कडक धातूला भिडते. सगळा वाक त्या एका रेषेवर येतो आणि सूत तिथेच तुटते. सांधा बसण्याच्या जागेपासून दूर न्यावा, त्यावर मऊ लेप द्यावा, सूत नागमोडी शिवून थोडी ढील ठेवावी.

सूत तुटले तर सर्किटला ते लगेच कळू शकते. संथपणे सरकत जाणारे माप जास्त घातक: रिकामी सीट भरलेली वाटते, किंवा बसलेला माणूस दिसतच नाही. त्यामुळे शेजारी दाब न पडणारे तसेच सूत संदर्भासाठी ठेवणे उपयोगी पडते. उष्णतेचा आणि ओलाव्याचा परिणाम त्यावरून वजा करता येतो. झिजेचा मात्र नाही, कारण ते सूत कधी घासलेच जात नाही.