नावात मध, पण मध नाही



वैद्यांच्या चिठ्ठीत एक शब्द हमखास असतो, "मधातून". सितोपलादि मधातून, त्रिकटू मधातून, सुंठ मधातून. मध तर आपल्याकडे महाविगयात, मद्य-मांस-लोण्याच्या पंगतीला. मग आपण वैद्यांना सांगतो, "आमच्याकडे मध चालत नाही हो." ते म्हणतात, "बरं, मग ज्येष्ठमध घ्या." हे ऐकून दचकलेल्या दोन-तीन जणी तरी मला माहीत आहेत. त्यांना वाटलं, हा मधाचाच मोठा भाऊ!

ज्येष्ठमधात मधाचा थेंबही नसतो. संस्कृतात त्याला यष्टीमधु म्हणतात, म्हणजे गोड काठी. झाड हरभरा-तुरीच्या कुळातलं, आणि आपण वापरतो ते त्याचं वाळलेलं मूळ. आपल्या बाजारातलं बरंचसं इराण-अफगाणिस्तानकडून येतं. चरकसंहितेत कंठाला हितकर अशी दहा द्रव्यं एकत्र सांगितली आहेत, त्यांत हे आहे. घसा बसला, कोरडा खोकला लागला की काडी चघळायची, हे आपल्या आज्यांना चरक न वाचताही ठाऊक होतं.

"पण मूळ आहे ना, मग कंदमुळात नाही का येत?" हा प्रश्न मला स्थानकातही विचारला गेला. 'जीवविचार'मध्ये अनंतकायाच्या ज्या खुणा दिल्या आहेत, त्यांत शिरा-सांधे न दिसणं, मोडलं की सरळ सारखं तुटणं, आत तंतू नसणं या आहेत. ज्येष्ठमधाची काडी मोडून पाहा, नुसते तंतूच तंतू. शिवाय ती आपल्या हातात येते ती पूर्ण वाळलेली. ओलं आलं न खाणाऱ्या घरात सुंठ आणि हळद चालते, तसंच हे. तरीही कुणाच्या घरी नेम वेगळा असेल तर म.सा.ना विचारून घ्यावं. आयंबिलात मात्र मी घेत नाही. ते आयंबिल नीरस आहाराचं, आणि हे तर साखरेहून कितीतरी गोड!

आषाढी एकादशीला आपल्या पिंप्राळ्याचा रथ निघतो आणि तीन-चार दिवसांत आपला चातुर्मास सुरू होतो. खोकल्याचे दिवसही तेच. दाणाबाजारातून तयार भुकटी आणण्यापेक्षा मी काड्या आणते. आतून फिकट पिवळ्या असाव्यात, चावल्यावर आधी गोड आणि मागून किंचित कडवट लागाव्यात. ऊन असेल तेव्हा वाळवायच्या, कुटून वस्त्रगाळ करायच्या, आणि पावसाळ्यात एका वेळी थोडीच भुकटी करायची. दमट हवेत तिचा गोळा होतो, मग बुरशी. ती आपल्याला कुठल्याच हिशेबाने चालणार नाही.

काढा सोपा आहे. दीड कप पाणी, अर्ध्या बोटाएवढी ठेचलेली काडी, दोन मिरे, चिमूटभर सुंठ. एक कप उरेपर्यंत उकळायचं, गाळायचं आणि सूर्यास्ताच्या आत प्यायचं. गूळ लागतच नाही. सुंठ-गूळ-तुपाच्या गोळीत चिमूटभर भुकटी घातली तर गूळ निम्मा पुरतो. बडीशेप-धणाडाळीच्या मुखवासातही छान लागते, पण एका वाटीला पाव चमचाच, जास्त झाली तर सगळा मुखवास औषधासारखा होतो. खिरीत घालून पाहिली, दूध मातकट दिसतं आणि जिभेवर चव रेंगाळते. खिरीला वेलचीच बरी.

रात्री ढास लागली म्हणून चौविहारात काडी तोंडात धरता येत नाही. चौविहारात अशन, पान, खादिम, स्वादिम चारही सुटतात, आणि चघळायच्या वस्तू स्वादिमात येतात. तिविहारवाल्यांनीही उकळलेल्या पाण्यात काडी टाकून ठेवू नये. टाकली की ते नुसतं पाणी राहत नाही.

हे सगळं लिहायला बसले ते खरं माझ्या मावससासूबाईंमुळे. वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू, तीसुद्धा लघवी वाढवणारी. पर्युषणात अठ्ठाई करायचीच असं त्यांच्या मनात होतं. खोकला जावा म्हणून कुणीतरी त्यांना सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ चमचाभर ज्येष्ठमध दुधातून घ्या. गोड लागलं, घशाला बरं वाटलं, खोकला गेला तरी सुरूच राहिलं. महिनाभरात पाय सुजले, रक्तदाब चढला, पायऱ्या चढताना मांड्यांत जीव नाही म्हणाल्या. घरचे म्हणाले, वय झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम खूप खाली.

"आजी, या गोळीशिवाय आणखी काय घेता?"

"काही नाही हो. घरचंच."

हे "घरचंच" मावशींनी औषधात मोजलंच नव्हतं. नेमाला चालतं, गोड आहे, स्वयंपाकघरातल्या डब्यात आहे, मग ते औषध कसं? सुनेने डबा आठवला म्हणून उलगडा झाला.

ज्येष्ठमधाचा गोडवा ज्या ग्लिसिरायझिनमुळे असतो, तेच हे करतं. शरीरातलं कॉर्टिसॉल मूत्रपिंडात निकामी करणारं एक विकर ते रोखून धरतं. मग मीठ-पाणी शरीरात साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतात, म्हणजे दोन्हीकडून गळती. हे आज कळलेलं नाही. 1946 साली रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी पोटाच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रण बरे होत होते, पण काही रुग्णांच्या तोंडा-पायांवर सूज आली. युरोपातल्या तज्ज्ञांनी पुढे रोजची मर्यादा 100 मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन अशी सुचवली. मुळात ते 4 टक्के धरलं तर अडीच ग्रॅम भुकटीतच एवढं होतं, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. मावशी घेत होत्या दोन चमचे.

म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, लघवीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही भुकटी नको. गरोदर सुनांना तर देऊच नका. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या खूप खातात, तिथेही गरोदरपणात टाळायला सांगतात. बाकीच्यांनी खोकल्यापुरते चार-पाच दिवस, अर्धा चमचा, आणि मग बंद. आणि लांबच्या तपाआधी तर बंदच ठेवा. पोटॅशियम उतरलेलं असताना नुसत्या पाण्यावर आठ दिवस काढणं हृदयाला झेपणारं नाही.

मावशींचा डबा बंद झाला, पोटॅशियमचं औषध सुरू झालं. सूज उतरायला तीन आठवडे लागले. अठ्ठाईला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, तेव्हा त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग स्वतःच म.सा.कडे गेल्या आणि आठ दिवसांच्या बियासण्याचे पच्चक्खाण घेऊन आल्या. संवत्सरीचा उपवास तेवढा डॉक्टरांना विचारून केला, तोही तिविहार.