पाचोळ्यापासून भेंडीपर्यंत

माघ सरत आला की पुण्याच्या रस्त्यांवर एकाच झाडावर दोन ऋतू नांदताना दिसतात. देशी बदामाची पानं विटकरी लाल होऊन गळत असतात आणि त्याच फांद्यांच्या शेंड्यांना पोपटी कोंब फुटलेले असतात. पिंपळाचं, करंजाचं, पर्जन्यवृक्षाचं थोड्याफार फरकानं हेच. बर्फाच्या देशांत पानगळ शरदात उरकते आणि वसंताच्या वाट्याला नुसती पालवी येते. आपल्याकडचा वसंत पायाखाली कुरकुरतो.

ज्यानं आजवर तुळशीपलीकडे काही लावलं नाही अशा माणसाला भाजीची बाग करायची हुक्की नेमकी याच दिवसांत येते. सकाळी हवेत गारवा, दुपारी सोसवेल असं ऊन आणि नर्सरीच्या दारात रंगीत पाकिटांची चळत. तो पालक घेतो, कोथिंबीर घेतो, टोमॅटो तर घेतोच. उत्साहाच्या भरात ब्रोकोलीही पिशवीत पडते. चैत्र सरेपर्यंत कोथिंबिरीला पांढरे तुरे आलेले असतात. टोमॅटोला फुलं उदंड, फळ एकही नाही. मग ‘आपल्या हाताला गुणच नाही’ असं म्हणत कुंड्या जिन्याखाली जातात.

दोष हाताचा नसतो, वेळेचा असतो. विलायती पुस्तकं शेवटचं हिव कधी पडेल याचा हिशेब करून पेरायला सांगतात. महाराष्ट्रात फेब्रुवारीत पेरणाऱ्यानं पुढच्या उन्हाचा हिशेब करायचा असतो. दिवसाचा पारा ३५ अंशांपुढे गेला आणि रात्रीही २२-२३ च्या खाली येईना, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल देठातून गळतं. कोथिंबीर आणि मेथी ऊन वाढताच पानांचा नाद सोडून फुलावर येतात. त्यांना कितीही गोंजारा, उपयोग नाही.

उन्हावर पोसणाऱ्या भाज्यांची यादी मात्र आपल्याकडे भरपूर आहे. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं आणि माठ. शेतकरी उन्हाळी भाज्यांची पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उरकतात. त्यातही पुणे-नाशिककडे रात्री गार असतील तर भेंडीचं बी मातीत नुसतं पडून राहतं, म्हणून थोडं थांबलेलं बरं. टणक सालीचं हे बी रात्रभर पाण्यात भिजवून लावलं तर आठवड्याच्या आत वर येतं आणि साधारण 45 ते 50 दिवसांत पहिली भेंडी हाती लागते. वसंत पंचमी ते गुढीपाडवा हे अंतर जवळपास आठ आठवड्यांचं. गणित जमण्यासारखं आहे.

भेंडी निवडताना वाणाचं नाव जरूर विचारावं. पांढरी माशी एका विषाणूचा प्रसार करते, त्यानं भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. त्याला शेतकरी हळद्या किंवा केवडा म्हणतात. या रोगाला तेव्हा दाद न देणारं ‘परभणी क्रांती’ हे वाण मराठवाडा कृषी विद्यापीठानं 1985 मध्ये दिलं, आणि त्याचं बी आजही मिळतं. आपल्याच मातीतलं काम असून शहरातल्या गच्चीवर ते फारसं कुणाला ठाऊक नसतं, याचं नवल वाटतं.

पण अगदी पहिली पेरणी कशाची, असं विचारलं तर उत्तर लाल माठ हेच. मोहरीहूनही बारीक काळं चकचकीत बी वाळूत मिसळून भुरभुरावं, वर मातीचा पातळ थर द्यावा. महिन्याभरात जुडी तयार. नवशिक्याला धीर देण्यात माठाचा हात कुणी धरणार नाही.

आणि माती? इथं रस्त्यावरचा तो कुरकुरणारा पाचोळा कामाला येतो. ओल्या मातीचा चार इंचांचा थर एका चौरस मीटरवर पसरला तर त्याचं वजन दीडशे किलोंच्या वर जातं, आणि माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या साध्या गच्च्यांचा हिशेबही साधारण तेवढ्याच भाराचा धरलेला असतो. म्हणजे गच्चीभर वाफे मातीनं भरणं हा छताशी खेळ आहे. वाळलेली पानं, उसाची चिपाडं, स्वयंपाकघरातला ओला कचरा, थोडं शेणखत आणि मूठ-दोन मूठ माती यांचे थर भाजीच्या जुन्या क्रेटमध्ये किंवा गोणीत दाबून भरले, तर काही महिन्यांत काळंभोर, हलकं, पावसाच्या वासाचं काहीतरी तयार होतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर 2002 पासून प्रीती पाटील यांनी असंच केलं. कामगारांचा स्वयंपाक होताना निघणारी देठं-सालपटं तिथंच कुजवली आणि गोदीच्या भर वस्तीत भाज्या, फळझाडं उभी केली. त्याही आधी कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर, पेशानं गणिताचे शिक्षक, आपल्या ‘प्रयोग परिवारा’ला पानावर पडणारं ऊन मोजायला शिकवत होते. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा नागरिकांचा गट आहे. ज्याच्या अंगणात पानं जास्त, त्याची पोती ज्याला हवी त्याच्याकडे पोचतात. एरवी हीच पानं कोपऱ्यात पेटवली जातात आणि सगळी गल्ली खोकते.

वेलांची गंमत आणखी निराळी. काकडीला आधी नुसतीच नरफुलं येतात. नवखा माणूस हवालदिल होतो, पण ती रीतच आहे; मादीफूल मागाहून येतं आणि देठाशी बोटाच्या पेराएवढी काकडी घेऊनच येतं. आठव्या मजल्यावर मधमाश्या फिरकतीलच असं नाही, तेव्हा नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाला लावायचं काम घरच्यांनीच करायचं. त्यासाठी प्रत्येकाची वेळ सांभाळावी लागते. काकडी, कारलं आणि घोसाळं सकाळचे गडी. दुधीचं पांढरंशुभ्र फूल दिवेलागणीला उमलतं. दोडका आणि घोसाळं दिसायला सख्खे भाऊ, पण दोडक्याची पिवळी फुलं ऊन उतरल्यावर, संध्याकाळी उघडतात. ऑफिसातून परतलेला माणूस बूटही न काढता गॅलरीत जातो आणि रंगाचा ब्रश घेऊन दोडक्याचं लग्न लावतो. शेजारी हसतात. हसू द्यावं.

बाकी काळजी थोडक्यात सांगण्यासारखी. पाणी सकाळी किंवा सांजेला, बोट मातीत खुपसून पाहिल्यावरच. एप्रिलमध्ये वर हिरवी जाळी. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या भर उन्हात मुळं भाजून काढतात, त्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळावं. कबुतरांवर रामबाण उपाय नाही. कोवळ्या रोपांवर मच्छरदाणीचा तुकडा ताणला तर निदान ती दुसऱ्या गॅलरीकडे वळतात.

बियांचं तेवढं नीट बघायला हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती घरच्या परसबागेतून गावठी वाणांचं बी जपल्याबद्दल. संकरित बियांपासून धरलेलं बी पुढच्या वर्षी मूळच्यासारखं उतरत नाही. ‘परभणी क्रांती’सारख्या सरळ वाणाचं उतरतं. म्हणून पाकीट घेताना पुढचं चित्र सोडून मागचा मजकूर वाचावा, एक जोमदार झाड तोडणीतून वगळावं, त्याच्या शेंगा वाळून तडकू लागल्या की बी काढून कोरड्या बाटलीत ठेवावं. आणि टोमॅटोचा हट्ट असेलच, तर त्याची रोपं गणपती गेल्यावर करायला घ्यावीत.