परतीचा डबा

शेजारून आलेला डबा रिकामा परत पाठवू नये, ही शिकवण आपल्या पिढीच्या अंगात भिनलेली आहे. घरात काहीच नसेल, तर निदान चिमूटभर साखर घालून तो परत जातो. इन्स्टाग्रामवर कुणी आपल्याला ‘फॉलो’ केले, की आपले बोट लगेच ‘फॉलो बॅक’कडे वळते, त्यामागे हाच संस्कार असावा. दवाखान्यात येणाऱ्या एका आजींनी मला विचारले होते, “डॉक्टर, समोरच्याने नमस्कार केला आणि आपण मान फिरवली, असे नाही का होत?”

मला उत्तर सुचले नाही. कारण मीही तेच करीत होते. आरोग्याविषयी चार शब्द लिहू लागले आणि पाहता पाहता सुमारे बाराशे जणांना परत फॉलो करून बसले. रुग्ण, त्यांचे नातेवाईक, गुडघेदुखीवर तेल विकणारे, शिवाय परदेशी लष्करी गणवेशातील एक रुबाबदार गृहस्थ!

त्या गर्दीत माझे एक जुने रुग्ण होते. वय ७८, मधुमेही, पत्नीच्या निधनानंतर एकटे. रोज सकाळी अंगणातील प्राजक्ताच्या सड्याचे छायाचित्र टाकीत. पुढे ते मला दिसेनासे झाले. आपण जिथे थबकतो, तसलेच हे ॲप अधिक दाखवते, आणि मी तेलवाल्यांच्या चित्रफितींवर, त्यांच्यावर चिडण्यासाठी का होईना, थबकत होते. मग एके दिवशी छायाचित्रे खरोखरच थांबली. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात आणले. तापाने जेवण तुटलेले, मधुमेहाची गोळी मात्र नेमाने चालू. रक्तातील साखर ५२ वर उतरलेली. सावरल्यावर ते एवढेच म्हणाले, “फोटो आला नाही म्हणून तुम्ही विचाराल, असे वाटले होते.”

त्या रात्री मी यादी उघडून बसले. प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न: हा माणूस आठवडाभर गप्प राहिला, तर मी फोन करीन का? ऐंशीएक नावे उरली. बाकीच्यांना वगळल्याची सूचना त्यांना जात नाही. तेव्हा, वाचकहो, संकोच नको. उलट, आपण परत फॉलो केलेल्या अनोळखी व्यक्तीचा संदेश ‘रिक्वेस्ट’मध्ये न अडकता थेट आपल्या संदेशपेटीत येऊ शकतो. आधीच यादीत असलेल्या परिचिताची विनंती पुन्हा आली, तर स्वीकारण्यापूर्वी त्यालाच फोन करून विचारावे. त्याच्या नावाने दुसऱ्याच कुणी खाते उघडलेले असू शकते. अशा ओळखीतून पैसे गेलेच, तर लाजून घरच्यांपासून लपवू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

आणि घरातील तरुणांनो, आजोबांच्या हातून फोन काढून घेऊ नका. शेजारी बसा, यादी उघडा, “हे कोण?” असे विचारा. निम्म्या नावांच्या गोष्टी ऐकायला मिळतील. उरलेली नावे ते स्वतःच पुसतील.

त्या आजींना मी अखेर सांगितले, नमस्कार रस्त्यावरच्या कुणालाही करावा, पण त्यासाठी त्याला माजघरात आणावे लागत नाही. त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे; लष्करी गृहस्थांना मात्र त्यांनी वगळले.

प्राजक्ताचा बहर आता ओसरला आहे. माझे रुग्ण हल्ली झाडलेल्या अंगणाचेच छायाचित्र टाकतात. सकाळी साडेसातपर्यंत ते आले नाही, की मी फोन करते.