फोटो कोण पुसणार?

हैदराबाद आम्हा परभणीकरांना परके नाही. 1948 पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यातच होता; आजही कुणाची खाला तिकडे, कुणाची सासुरवाडी. त्याच शहरात मे 2021 मध्ये एस. क्यू. मसूद या सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात अडवले, मास्क काढायला सांगितला आणि फोटो घेतला. हा फोटो चेहरे ओळखणाऱ्या यंत्रात तर जाणार नाही ना, या शंकेतून त्यांनी उच्च न्यायालय गाठले. जानेवारी 2022 मध्ये न्यायालयाने तेलंगणा सरकारला नोटीस काढली.

आम्ही उर्दू शाळेतले मास्तर. पण आमच्या एका विद्यार्थ्याची अम्मी मध्यंतरी हाच सवाल घेऊन आली. तिच्या थोरल्याला पोलिसांनी चौकशीला नेले, संध्याकाळी सोडले. मोबाईलवर फोटो मात्र काढून घेतला. "सर, वो फोटू अब मिटा देंगे ना?"

तिची भीती पोकळ नव्हती. ख्वाजा युनूस परभणीचाच इंजिनिअर. घाटकोपर स्फोटप्रकरणी डिसेंबर 2002 मध्ये त्याला अटक झाली आणि जानेवारी 2003 नंतर तो कुणाला दिसला नाही. तेव्हा यंत्र नव्हते. नुसता संशय पुरला.

आम्ही कायदा काढून वाचला. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, 2022. अटक झालेल्याचे ठसे, फोटो, बुबुळे नोंदवता येतात. नोंद 75 वर्षे राहते. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना किंवा निर्दोष सुटला तर ती नष्ट करायची, न्यायालयाने लेखी कारण देऊन राखली नाही तर. या मुलाला अटकच नव्हती. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय या कायद्याने त्याच्यावर सक्ती करता येत नाही. पण गंमत अशी, की कायद्याखाली घेतलेला फोटो पुसण्याचा नियम आहे, कायद्याबाहेर घेतलेल्याचा नाही!

आणि कॅमेऱ्यातला चेहरा संगणकाने जुळवावा की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारात सांगितले, की 80 टक्क्यांवर साम्य असले की ते जुळले असे धरतात. 80 मार्कांना आम्ही पोराची पाठ थोपटतो. त्यावर कुणाला आरोपी ठरवणार नाही. खाजगीपणात शिरायचे तर आधी कायदा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 मध्येच सांगितले आहे.

आम्ही त्या अम्मीला माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला: फोटो कोणत्या कलमाखाली घेतला, कोठे ठेवला, कधी नष्ट करणार? 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका म्हणून बजावले.